साहसाची साक्ष

अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात ‘क्रीडा आणि साहस माध्यमे’ ह्या विषयाची पदवी घेता येते, हे मी प्रथम वाचले तेव्हा आमच्या गावातील कित्येक वडीलधाऱ्या माणसांचे चेहरे माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. पोरगा क्रिकेटच्या नादी लागला की त्याची पाटी फुटली असे समजणारी ही माणसे! खेळाची पदवी म्हटल्यावरच त्यांनी कपाळाला हात लावला असता. मग दुसऱ्याच्या खेळाचे वर्णन कसे करावे आणि दुसरा कडा चढत असताना त्याचे चित्रण कसे करावे, हे शिकायला वर्षानुवर्षे फी भरायची, ही गोष्ट त्यांच्या गळी उतरवणे ब्रह्मदेवालाही साधले नसते.

पण ते विद्यापीठ ज्या राज्यात आहे ते राज्य ध्यानात घेतले म्हणजे फारसे नवल वाटत नाही. डोंगरांचा आणि खळाळत्या नद्यांचा तो मुलूख आहे. तेथील न्यू रिव्हर नावाच्या नदीच्या घळीवर १९७७ साली खुला झालेला पूल पात्रापासून ८७६ फूट उंच आहे. दर वर्षी ऑक्टोबरातील एका शनिवारी, परवानगी घेऊन, माणसे पाठीला हवाई छत्री बांधून त्या पुलावरून खाली उड्या टाकतात आणि हजारो लोक ते पाहायला जमतात. एक उडी टाकतो, हजार जण पाहतात, आणि जे तेथे नव्हते त्यांना कोणी तरी ‘काय घडले’ ते सांगतो. हा जो सांगणारा, त्याचे हे शास्त्र आहे.

आता ह्यावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. मी मॅट्रिकच्या पुढे शिकलो नाही. विद्यापीठ मला बाहेरूनच ठाऊक आहे. पुढे ज्या इंग्रजी पुस्तकांची नावे येतील ती मी शब्दकोश उशाशी घेऊन वाचली आहेत. पण गोष्ट कशी सांगावी ह्या प्रश्नाशी मी कादंबऱ्या लिहिताना झगडतो, आणि सांगितलेली गोष्ट कशी वाचावी हे वर्गात मुलांना शिकवतो. तेवढ्या शिदोरीवर मी स्वतःलाच एक काम नेमून घेतले: ह्या विषयाची पाठ्यपुस्तके निवडायला मला कोणी सांगितले, तर मी कोणती निवडीन, आणि का?

पहिला पाठ म्हणून मी पुस्तक नेमणार नाही. एक छायाचित्र नेमीन. तारीख २९ मे १९५३. एव्हरेस्टच्या माथ्यावर तेनझिंग नोर्गे उभे आहेत. तोंडावर प्राणवायूचा मुखवटा, वर उचललेल्या बर्फकुऱ्हाडीला बांधलेले चार ध्वज: संयुक्त राष्ट्रांचा, ब्रिटनचा, नेपाळचा आणि भारताचा. हे चित्र मी वर्गात दाखवतो आणि विचारतो, ‘ह्यात हिलरी कुठे आहे?’ वर्ग क्षणभर गप्प होतो. मग मागच्या बाकावरून कोणी तरी ओरडते, ‘सर, तो फोटो काढतोय!’

अगदी बरोबर. माथ्यावर उभ्या असलेल्या हिलरीचे छायाचित्रच नाही. का नाही? हिलरीचे म्हणणे असे, की तेनझिंगने पूर्वी कधी कॅमेरा हाताळल्याचे आपल्याला ठाऊक नव्हते, आणि ते शिकवायची ती जागा नव्हे. तेनझिंगच्या आत्मकथेत निराळेच आहे. आता तुमचे चित्र काढतो अशी खूण आपण केली, पण का कोण जाणे, हिलरीने मानेनेच नको म्हटले. जगाच्या माथ्यावर दोनच माणसे, जेमतेम पंधरा मिनिटे, आणि तरीही हकिकती दोन! दोघांपैकी कोणी खोटे बोलतो असे मला मुळीच वाटत नाही. विरळ हवेत, थकलेल्या डोक्याने, खुणांच्या भाषेत झालेला व्यवहार दोघांनी आपापल्या परीने आठवला, एवढेच. शिवाय तेनझिंगला लिहिता येत नसे. १९५५ साली प्रसिद्ध झालेली त्याची आत्मकथा त्याने सांगितली आणि जेम्स रॅम्झी उलमन ह्या अमेरिकन लेखकाने लिहिली. म्हणजे त्याची साक्षही दुसऱ्याच्या लेखणीतून आपल्यापर्यंत पोचते. साहसाच्या कथेचा अभ्यास म्हणजे प्रथम साक्षीदारांचा अभ्यास, हे ह्या एका चित्रावरून शिकवता येते.

त्याच मोहिमेची बातमी जगाला कशी कळली, हा ह्याच पाठाचा उत्तरार्ध. मोहिमेच्या वृत्तांताचे हक्क लंडनच्या ‘टाइम्स’ने घेतले होते आणि जेम्स मॉरिस हा त्यांचा बातमीदार पर्वतावर होता. (हाच लेखक पुढे जॅन मॉरिस ह्या नावाने स्त्री म्हणून जगला आणि नामवंत झाला.) दुसऱ्या पत्रांनी बातमी पळवू नये म्हणून सांकेतिक भाषा ठरली होती. ‘बर्फाची स्थिती वाईट’ ह्याचा अर्थ शिखर सर झाले. पुढच्या शब्दांचा अर्थ हिलरी आणि तेनझिंग. संदेश मध्येच कोणी वाचला तरी त्याला वाटावे, मोहीम फसली! निरोप्या तो घेऊन नामचे बाजारपर्यंत धावला, तेथील भारतीय बिनतारी ठाण्यावरून तो काठमांडूला गेला, आणि २ जूनला, राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या सकाळी, लंडनकरांनी ती बातमी वाचली. बातमीदाराची ही हुशारी मला आवडते. पण विजयाची बातमीसुद्धा पराजयाच्या वेषात पाठवावी लागते, कारण ती कोणाच्या तरी मालकीची असते, हेही विद्यार्थ्याने त्याच दिवशी शिकावे.

दुसरे पुस्तक नेमायचे तर मॉरिस एर्झोग ह्या फ्रेंच गिर्यारोहकाचे ‘अन्नपूर्णा’. ३ जून १९५० रोजी एर्झोग आणि त्याचा साथी लुई लाशनाल अन्नपूर्णेच्या माथ्यावर पोचले. आठ हजार मीटरांहून उंच शिखर माणसाने सर केल्याची ही पहिली वेळ. उतरताना एर्झोगचे हातमोजे घरंगळत गेले. हिमदंशाने त्याच्या हातापायांची बोटे गेली, लाशनालच्या पायांची गेली. एर्झोगने रुग्णालयात पडल्यापडल्या हे पुस्तक सांगून लिहवून घेतले आणि १९५१ साली ते बाहेर पडले. काय पुस्तक आहे! वेदनेला असा काही उजेड चढलेला मी क्वचितच वाचला आहे. शिखराजवळचे बर्फ, ते स्फटिकासारखे आकाश, भान हरपलेला तो माणूस. वाचताना आपणही हातमोजे विसरतो.

पण संघातील इतरांनी आधीच करारावर सही केली होती, की पाच वर्षे कोणी काही प्रसिद्ध करायचे नाही. लाशनाल १९५५ साली बर्फातील भेगेत पडून गेला. त्याची टिपणे पुढच्या वर्षी निघाली ती एर्झोगच्या भावाने कात्री लावून. पुरती निघायला १९९६ साल उजाडावे लागले. त्यांत लाशनाल सरळ सांगतो, की आपण परत फिरण्याच्या विचारात होतो. पण एकट्याने गेला तर एर्झोग जिवंत परतणार नाही हे ओळखून आपण वर गेलो. एका पुस्तकात राष्ट्राचा गौरव आहे, दुसऱ्यात सोबत्याची काळजी. आता मी कोणाची बाजू घ्यावी? कादंबरीकार म्हणून विचाराल तर एर्झोगची चार पाने माझ्या हातून लिहून व्हावीत म्हणून मी काहीही देईन. मास्तर म्हणून विचाराल तर लाशनालचे ते एक वाक्य मी फळ्यावर लिहीन. सुंदर कथा आणि पुरी कथा ह्या नेहमीच एक नसतात, आणि पहिलीच्या मोहात दुसरी किती वर्षे गाडली जाते, हे ह्या दोन पुस्तकांइतके स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलेले नाही.

तिसरा पाठ १९९६ चा. त्या वर्षी मे महिन्याच्या १० आणि ११ तारखांच्या वादळात एव्हरेस्टवर आठ माणसे गेली. पैसे घेऊन गिऱ्हाइकांना शिखरावर नेणाऱ्या मोहिमांवर लेख लिहायला ‘आउटसाइड’ मासिकाने जॉन क्राकाउअर ह्या लेखकाला पाठवले होते. तो वाचला आणि १९९७ साली त्याचे ‘इन्टु थिन एअर’ निघाले. त्यात त्याने अनातोली बुक्रेयेव ह्या वाटाड्यावर ठपका ठेवला, की तो प्राणवायूवाचून चढला आणि गिऱ्हाइकांच्या आधी खाली आला. बुक्रेयेवने त्याच वर्षी ‘द क्लाइम्ब’ लिहवून उत्तर दिले. आधी खाली आलेला हाच माणूस रात्री वादळात एकटा बाहेर पडून तिघांना परत घेऊन आला होता, हेही तितकेच खरे आहे.

क्राकाउअरचे दोन कबुलीजबाब मला मोलाचे वाटतात. आपण एका साथीदाराला छावणीजवळ पाहिले असे त्याने मासिकात लिहिले होते. पुढे कळले की तो माणूसच दुसरा होता, आणि पुस्तकात त्याने हे स्पष्ट सांगितले. दुसरे असे, की आपण बातमीदार म्हणून तेथे होतो ह्याचाही वाटाड्यांच्या निर्णयांवर परिणाम झाला असेल, ही शंका त्याने स्वतःच मांडली. पाहणारा हजर असला म्हणजे पाहिली जाणारी गोष्ट बदलते. पदवी देताना दुसरे काही विचारले नाही तरी चालेल, पण हे समजले आहे का, एवढे विचारावे.

आणि ह्याच पाठात एक रिकामी जागा आहे. त्या आठांपैकी तिघे आपले होते. भारत-तिबेट सीमा पोलिसांचे त्सेवांग समानला, त्सेवांग पालजोर आणि दोर्जे मोरूप हे पर्वताच्या उत्तर बाजूला गेले. दक्षिण बाजूला लेखक होता. म्हणून तिकडच्या मृतांचे शेवटचे शब्दही जगाला ठाऊक आहेत. इकडच्या तिघांविषयी त्या मानाने किती थोडे लिहिले गेले! मरण तेच, पर्वत तोच. फरक लेखणी कोणत्या बाजूला होती एवढाच.

चौथे पुस्तक जो सिम्प्सनचे ‘टचिंग द व्हॉइड’. १९८५ साली पेरू देशातील सिउला ग्रांदे शिखरावरून उतरताना सिम्प्सनचा पाय मोडला. सायमन येट्स हा सोबती त्याला दोराने खाली सोडत राहिला. शेवटी अंधारात आणि वादळात सिम्प्सन कड्यावरून अधांतरी लोंबकळला, येट्स स्वतःच घसरू लागला, आणि त्याने दोर कापला. सिम्प्सन बर्फातील भेगेत पडला, मेला नाही, आणि मोडका पाय ओढत तीन दिवसांनी तळावर पोचला. दोर कापणे हे गिर्यारोहकांच्या धर्मात महापाप. येट्सवर लोकांनी बोट ठेवले. तेव्हा सिम्प्सनने हे पुस्तक लिहिले त्यामागे आपल्या सोबत्याला दोष देऊ नका हे सांगणेही होते. ज्याचा दोर कापला गेला तोच कापणाऱ्याचा वकील झाला! १९८८ सालच्या ह्या पुस्तकाची भाषा एर्झोगसारखी उंच उडत नाही. पण येट्सच्या मनात त्या घटकेला काय चालले असेल ते सिम्प्सन पानोपानी त्याच्याच तोंडून सांगतो. लेखकाने आपली जागा सोडून दुसऱ्याच्या जागी उभे राहणे म्हणजे काय, ते येथे पाहावे.

पाचवा पाठ पडद्यावरचा. ३ जून २०१७ रोजी अ‍ॅलेक्स होनोल्ड कॅलिफोर्नियातील एल कॅपिटन हा सुमारे तीन हजार फुटांचा कडा दोरावाचून, एकटा, तीन तास छप्पन्न मिनिटांत चढला. त्यावरचा ‘फ्री सोलो’ हा माहितीपट २०१८ साली निघाला आणि पुढच्या वर्षी त्याला ऑस्कर मिळाले. चित्रण करणारे त्याचे स्नेहीच होते. आपल्या हालचालीने त्याचे लक्ष विचलित झाले तर? आपल्या कॅमेऱ्याच्या चौकटीतून तो खाली गेला तर? ही भीती ते चित्रपटातच बोलून दाखवतात. सर्वांत अवघड जागी त्यांनी माणूस न ठेवता दुरून चालणारा कॅमेरा ठेवला. आणि खाली उभा असलेला एक कॅमेरावाला, यंत्र चालू ठेवून, स्वतः तोंड फिरवतो; त्याच्याने बघवत नाही. कड्यावरच्या माणसापेक्षा मला तो पाठमोरा माणूस अधिक लक्षात राहिला आहे. एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. चित्रपट हा प्रश्न उभा करतो आणि मग यशाच्या आनंदात सोडून देतो. होनोल्ड सुखरूप पोचला म्हणून चित्रण योग्य ठरले, आणि पडला असता तर अयोग्य, असा हा हिशेब होतो. नीतीचा निर्णय निकालावर सोपवला तर ती नीती कसली?

साहसाविषयी इतके बोललो. खेळाचा अर्धा विषय राहिलाच. आमच्या आधीच्या पिढीने क्रिकेट कानांनी पाहिले. बाळ ज. पंडित आकाशवाणीवरून मराठीत धावते समालोचन करीत, आणि मैदान कधी न पाहिलेल्या माणसालाही चेंडू कुठे गेला ते दिसे. वि. वि. करमरकरांनी ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये खेळाच्या पानाला मान मिळवून दिला, आणि त्यात कौतुकाइतकीच कानउघाडणीही असे. ह्या मंडळींनी कोणत्या विद्यापीठात हा विषय शिकला? पण त्यांचा काळ निराळा होता. २०२२ साली आयपीएलच्या पाच मोसमांच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. ज्या सामन्यासाठी एवढी रक्कम मोजली, तो सामना रटाळ झाला असे त्याच वाहिनीवरून कोण सांगणार? समालोचकाचा आवाज हल्ली एकसारखा चढलेलाच असतो, ह्याचे कारण मैदानात शोधण्यात अर्थ नाही. ह्या विषयाच्या विद्यार्थ्यांतले पुष्कळसे उद्या संघांच्या, वाहिन्यांच्या आणि बूट-कपडे विकणाऱ्यांच्या नोकरीत जाणार. वर्णन कुठे संपते आणि जाहिरात कुठे सुरू होते, हे त्यांना विद्यापीठाने शिकवले नाही तर मालक खचितच शिकवणार नाही.

हे सारे दूरचे आहे असे कोणी समजू नये. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेचा संघ २०१२ साली एव्हरेस्टवर गेला, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला आनंद झाला. त्याच पुण्यातील एका दांपत्याने २०१६ साली आपणही शिखर गाठल्याचे जाहीर केले. छायाचित्रे होती, नेपाळ सरकारचे प्रमाणपत्रही मिळाले. मग इतर गिर्यारोहकांनी ती छायाचित्रे बारकाईने पाहिली. ती दुसऱ्याच्या चित्रांवरून बनवलेली निघाली. प्रमाणपत्र रद्द झाले, दहा वर्षांची बंदी आली. त्यांना लबाड म्हणून आपण मोकळे होतो. पण त्या चित्रांना हार घालायला जे धावले, त्यांतल्या किती जणांनी विचारले, की हे कोणी काढले, कुठे उभे राहून, आणि बरोबर कोण होते? आज प्रत्येक शिरस्त्राणावर कॅमेरा आहे आणि प्रत्येक खिशात छापखाना आहे. चित्र काढणे पोराटोरांना येते. चित्र वाचणे थोरांनाही येत नाही.

म्हणूनच हा विषय विद्यापीठात असावा असे माझे मत आहे. मात्र कॅमेरा चालवायला शिकवणारी कार्यशाळा म्हणून असेल तर नसलेला बरा. माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. वडील एसटीत वाहक. तिला हाच अभ्यास करायचा आहे. तिने आमच्याकडच्या एका अवघड किल्ल्याची चढाई मोबाइलवर टिपून, झकास संगीत लावून मला दाखवली. मी विचारले, ‘पुढे दोर घेऊन चाललेले हे म्हातारबा कोण?’ ती म्हणाली, ‘वाटाडे आहेत, सर. नाव नाही विचारलं.’ पुढच्या रविवारी ती पुन्हा गेली. म्हातारबांनी तिला नाव सांगितले, आणि कोणत्या कातळावर पावसाळ्यात कोण घसरले तेही सांगितले. ही दुसरी फीत पहिलीच्या निम्म्याही लोकांनी पाहिली नाही. ‘ह्याने पोट भरेल का, सर?’ असे तिच्या वडिलांनी मला विचारले, तेव्हा मी त्यांना खोटा दिलासा दिला नाही. एवढेच म्हणालो, की पोरीच्या हातून कोणाचे नाव गळणार नाही.

नाव गळणे ही लहान गोष्ट नव्हे. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या हिमप्रपातात सोळा नेपाळी कामकरी एका सकाळी गाडले गेले. शेर्पांच्या बाजूने मोहीम दाखवायची म्हणून जेनिफर पीडम ही दिग्दर्शिका तेव्हा तेथेच होती. म्हणून २०१५ सालच्या तिच्या ‘शेर्पा’ ह्या माहितीपटात त्या माणसांची घरे दिसतात, त्यांचा संताप ऐकू येतो. एरवी ते एका ओळीचे आकडे झाले असते.

ह्या दिवसांत आपल्या अंगणात मुले मातीचे किल्ले करतात. ते करताना मी नेहमी निरखतो. सिंहासनावर महाराज बसतातच; पण मुले तेवढ्यावर थांबत नाहीत. दिंडीदरवाजाशी पहारेकरी उभा करतात, वाटेवर ओझे घेतलेला मावळा ठेवतात, पायथ्याशी विहीर आणि भाजीवाली मांडतात. यांतला एखादा विसरला तर धाकटे भावंड रडून घर डोक्यावर घेते. पदवी घेतलेल्यांनी आपली चित्रफीत जगाला दाखवण्यापूर्वी अशा एखाद्या धाकट्याला दाखवून घ्यावी.